राहुकाळात बदल नाही

आदिलाबादजवळच्या मावल्याच्या त्या पन्नास खाटांच्या दवाखान्यात अमरदीपला एकही माणूस आपल्या बरोबरीचा वाटत नव्हता, आणि हे त्याने कधी लपवलंही नाही. काउंटरवरच्या पोरी त्याच्या लेखी बावळट होत्या, कंपाउंडर आळशी होता, डॉक्टर पांडुरंगराव भले पण भोळे होते. डॉक्टरांच्या पत्नी कौशल्याबाई, ज्यांच्या हुकमाशिवाय तिथला पंखाही फिरत नसे, त्या तर त्याच्या मते पंचांगाच्या बाहेर डोकं न काढलेल्या बाई होत्या. आणि या सगळ्यांच्या खाली, अगदी तळाला, सुनयना सिस्टर. याच सुनयना सिस्टरची बावीस वर्षांची नोकरी पुढे अमरदीपच्या यादीतल्या एका ओळीवर येऊन लटकली. ती कशी, हे सांगायचं तर आधी अमरदीप काय चीज होता ते सांगायला हवं.

तो इचोड्याचा. आजा दुसऱ्याच्या शेतात राबून गेला, बाप शिकून मास्तर झाला. खुशाल गुरुजींच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली पुस्तकांची फळी, आणि मुहूर्त, नवस, लिंबू-मिरची वगैरे सगळं उंबऱ्याच्या बाहेर, अशी शिस्त होती. गुरुजी हे कोणाला हिणवून सांगत नसत. शेजारी नवस फेडायला निघाला तर त्याला आपली सायकल द्यायचे आणि घरात येऊन, आपण का जात नाही, ते पोराला नीट समजावायचे. पोराने समजावणं सोडून दिलं आणि दुसऱ्याला हसणं तेवढं उचललं. ते सोपं असतं.

शिकून तो हैदराबादला गेला. सहा वर्षं एका कंपनीत होता. तिथे मोठमोठ्या दवाखान्यांच्या, दुकानांच्या माहितीचे बॅकअप राखायचं काम चाले. सातव्या वर्षी कंपनीने करार पुढे वाढवला नाही. गावात येऊन त्याने सांगितलं की मीच सोडली, आईच्या तब्येतीमुळे. त्याची आई तेव्हा रोज सकाळी बाजारापर्यंत पायी जाऊन भाजी आणत होती आणि वाटेत भेटेल त्याला विचारत होती की माझ्या तब्येतीला झालंय तरी काय.

पण एक गोष्ट मान्य करायला हवी. या माणसाला त्याचं काम येत होतं. दवाखान्यात त्याच्याआधी जो कंत्राटदार होता त्याने बॅकअपच्या नावाखाली उकिरडा करून ठेवला होता. रोज सगळ्याच्या सगळ्या नोंदींची नवी नक्कल. वर प्रत्येक नकलेची यादी, आणि यादीत एकेका नोंदीमागे चाळीस रकाने. कोणत्या संगणकावरून, कोणत्या खोलीतून, अक्षर लहान की मोठं, इथपर्यंत. शेवटी यादीच मूळ माहितीपेक्षा जाड झाली. एका पेशंटचा जुना रिपोर्ट काढायचा तर आधी यादी शोधायची, मग यादीत शोधायचं, आणि तोवर पेशंट बरा होऊन घरी.

अमरदीपने हे सगळं झाडून काढलं. मेटाडेटा म्हणजे माहितीबद्दलची माहिती, एवढंच. ती गोळा करणं कोणालाही जमतं, तिच्यातलं काय टाकायचं ते कळायला अक्कल लागते, असं तो म्हणायचा, आणि ते खरंही होतं. त्याने चाळीस रकान्यांचे पाच केले. कोणाची नोंद, कधी बदलली, कोणी बदलली, आधीची प्रत कुठे, आताची कुठे. सगळ्याची नक्कल करायची नाही. जेवढं बदललं तेवढंच, आणि बदललं की लगेच, दोन सेकंदांत, मागच्या खोलीतल्या दुसऱ्या यंत्रावर. जुन्या ओळी आठवड्याने एकत्र वळून ठेवायच्या म्हणजे यादी फुगत नाही. मुख्य यंत्र उद्या नदीत बुडालं तरी यादी वाचत वाचत दुसऱ्या यंत्रावरून सगळं जसंच्या तसं उभं करता येईल. यादी खरी असली की बाकी सगळं मागाहून आणता येतं, हे वाक्य त्याने महिन्याभरात इतक्यांदा ऐकवलं की कंपाउंडरलाही पाठ झालं.

त्याने कागदही बंद करवले. नर्सने तोंडी सांगितलेलं, पेशंटने आठवून सांगितलेलं, यांवर विश्वास ठेवायचा नाही. पडद्यावर काय आहे ते पाहायचं. माणूस विसरतो, माणूस खोटं बोलतो, यंत्राला ती सवय नाही, असं त्याने सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं. सुनयना सिस्टरने तेव्हा हात वर करून विचारलं की लाईन गेली तर कुठे लिहायचं. तिला तो हसला. ती नार्नूरकडच्या कापूस पिकवणाऱ्या घरातली. एका बोटाने टाइप करायची, पासवर्ड कीबोर्डच्या खाली चिकटवून ठेवायची, आणि नोंद झाल्यावर पडद्याकडे असं पाहत राहायची की तो काही उत्तर देणार आहे. अमरदीप तिची नक्कल करून दाखवायचा. काउंटरवरच्या पोरी हसायच्या, कारण दुसऱ्या दिवशी त्यांची नक्कल होऊ नये अशी त्यांची इच्छा असायची.

नवी व्यवस्था सुरू झाली तेव्हा त्याने कौशल्याबाईंना मोठ्या ऐटीत समजावलं की प्रत्येक बदलाला यंत्र आपोआप नवी नोंद सुरू करतं. बाईंनी बाकी सगळं सोडून दोनच शब्द उचलले, नवी आणि सुरू. त्यांनी टेबलावरचं पंचांग उघडलं. त्यांच्या माहेरी तेलुगू रीत होती; राहुकाळ सोमवारी साडेसात ते नऊ, शुक्रवारी साडेदहा ते बारा, असा रोज वेगळा दीड तास, आणि त्या दीड तासात नवं काही सुरू करायचं नाही. दवाखान्यातही तेच चाले. येणाऱ्यांचीही त्याला हरकत नसे. बरेच जण तर राहुकाळ टळेपर्यंत बाहेर चहाच्या टपरीवर बसून राहत आणि मगच नाव नोंदवायला येत. बाईंनी सांगून टाकलं की ते मशीन राहुकाळात बंद ठेवायचं.

आता तिथे खुशाल गुरुजी असते तर त्यांनी शांतपणे सांगितलं असतं की बाई, हे चालणार नाही, आणि का चालणार नाही. अमरदीपने मान डोलावली. पगार महिन्याच्या एक तारखेला मिळत होता आणि पुन्हा आईची तब्येत बिघडवायची त्याची तयारी नव्हती. बाईंच्या समोर ठीक आहे मॅडम म्हणायचं आणि मागे वळून डोळे फिरवायचे, एवढ्यात त्याचा सगळा विवेकवाद बसत होता. त्याने वारांप्रमाणे वेळा घातल्या, आणि जगातला पहिला अखंड बॅकअप सुरू झाला जो रोज दीड तास पंचांग बघून बंद पडायचा.

पहिल्याच आठवड्यात दोन अडचणी आल्या. बंद पडून पुन्हा चालू झालं की यंत्राला यादीत खंड दिसायचा. खंड दिसला की ते मधल्या वेळात काय बदललं असेल म्हणून सगळ्या नोंदी एकेक करून तपासायला बसायचं. याला चाळीस मिनिटं लागत, तेवढा वेळ काउंटरवरचे संगणक रेंगाळत, रांग दारापर्यंत जाई आणि कौशल्याबाईंचा आवाज पार गेटपर्यंत. ही झाली एक. दुसरी अडचण त्याला जास्त बोचली. दर महिन्याला यादीचा अहवाल हैदराबादला एका तपासणी कंपनीकडे जायचा, आणि तिथे तो वाचणारा होता जीवन, त्याचा कंपनीतला जुना सोबती. जीवन निर्मळचा, म्हणजे इकडचाच; राहुकाळ त्याला नवा नव्हता. रोजचा दीड तासाचा खंड, आणि तोही वारागणिक सरकणारा, हे पाहून त्याला काय ते कळायला एक मिनिट लागलं नसतं. कौशल्याबाईंच्या पंचांगाच्या गोष्टी अमरदीपनेच कंपनीतल्या जुन्या मित्रांना फोनवर रंगवून सांगितल्या होत्या. त्याच पंचांगापुढे आपण मान तुकवली हे त्यांना कळणं त्याला सोसलं नसतं.

म्हणून त्याने एक छोटी सोय केली. राहुकाळ संपताना यादीत आपोआप एक ओळ पडायची: या वेळात बदल नाही. संपलं. यंत्राला खंड दिसेना, त्यामुळे ते मागचं काही तपासेना, रांग लागेना, आणि अहवाल इतका स्वच्छ जाऊ लागला की जीवनने एकदा शाबासकीही दिली. त्या दीड तासात कोणी काही लिहिलंच तर? त्याचाही त्याने विचार केला होता. तेवढ्या वेळात हे लोक नवं काही करतच नाहीत, आणि एखाददुसरं काही झालंच तरी दिवसभरात ती नोंद कोणीतरी पुन्हा उघडतं, बदलतं, मग ती आपसूक मागच्या यंत्रावर जाते. हिशेब वाईट नव्हता. फक्त तो सगळे राहुकाळ मानतात या गोष्टीवर उभा होता, आणि असा हिशेब करणारा माणूस मानणाऱ्यांना मूर्ख म्हणत होता.

चौदा महिने काही झालं नाही.

मग एका शुक्रवारी नार्नूरजवळच्या एका गावाहून ताराबाई नावाची बाई पायाची जखम घेऊन आली. नवरा रामाजी बरोबर होता. डॉक्टरांनी एक इंजेक्शन सांगितलं, सुनयना सिस्टरने आधी कातडीवर थोडं टोचून पाहिलं, आणि पाच मिनिटांत बाईच्या हातावर खांद्यापर्यंत लाल पुरळ उठलं. डॉक्टरांनी औषध बदलून दिलं; नोंदी करायचं काम सिस्टरचं. सिस्टरने संगणकावर एका बोटाने लिहिलं की हे इंजेक्शन या बाईला चालत नाही. तेव्हा अकरा वाजत होते. कंपाउंडर बाहेर टपरीवर होता, काउंटरवरच्या पोरी राहुकाळ टळायची वाट बघत मोबाइल चाळत होत्या. सुनयना सिस्टरला राहुकाळ पाळायला सवड नव्हती. पेशंटला काय राहुकाळ, असं ती म्हणायची. ताराबाई गोळ्या घेऊन घरी गेली आणि तिची नोंद त्या दिवशी पुन्हा कोणी उघडली नाही.

त्याच दुपारी आवारात पत्र्याचं छत घालायला आलेल्या वेल्डिंगवाल्याने, दुसरीकडे वायर पुरत नव्हती म्हणून, मुख्य यंत्राच्या खोलीतून लाईन घेतली. यंत्र जळालं. दवाखान्यात रडारड सुरू झाली, आणि अमरदीप बाह्या सावरून मागच्या खोलीत गेला. पाऊण तासात सगळं परत उभं होतं. तेवीस हजार पेशंट, एकेकाचा रिपोर्ट, एकेकाची गोळी. डॉक्टरांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. शनिवारी त्याला शाल आणि नारळ देण्यात आला. शाल अंगावर घेऊन तो बोलायला उभा राहिला आणि बारा मिनिटं बोलला, त्यातली सात मिनिटं जुन्या कंत्राटदाराच्या अकलेवर. सुनयना सिस्टरने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

मंगळवारी ताराबाई परत आली. पाय सुजला होता. सुनयना सिस्टरची त्या दिवशी सुट्टी होती. ड्यूटीवर वृषाली नावाची नवी नर्स होती, आणि त्या दिवशीच्या दुसऱ्या डॉक्टरांनी तेच इंजेक्शन लिहिलं. ताराबाईने स्वतः सांगितलं की मागच्या वेळी सुईने अंगावर आलं होतं. वृषालीने पडद्यावर पाहिलं. तिथे काही नव्हतं. तिला जसं शिकवलं होतं तसंच ती वागली. बाईला म्हणाली की तसं असतं तर इथे दिसलं असतं, आणि सुई दिली. बाईचा चेहरा सुजला, श्वास कोंडला, ओठ निळे पडले. पांडुरंगराव जेवणाच्या ताटावरून उठून धावत आले म्हणून ती वाचली. दोन दिवस ती नळ्या लावून पडून होती आणि रामाजी तिच्या खाटेशी जमिनीवर बसून होता. तो ओरडला नाही, कोणावर धावून गेला नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला एवढंच विचारत होता की शुक्रवारी पुरळ तर सगळ्यांनी पाहिलं होतं, मग ते लिहिलं का नाही.

म्हणजे प्रश्न सुनयना सिस्टरवर आला. ती म्हणाली, लिहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, तिने लिहिलं असेल, ती विसरणारी नाही. कौशल्याबाई म्हणाल्या, असेल-नसेल कशाला, यादी आहे ना.

बुधवारी अमरदीपने यादी उघडली. ताराबाईच्या नावापुढे शुक्रवारी सकाळी दहाची एक ओळ होती, नाव नोंदल्याची. पुढे काही नाही. मग त्याची नजर खालच्या ओळीवर गेली. शुक्रवार, साडेदहा ते बारा, बदल नाही. सुनयना सिस्टरने लिहिलं होतं हे त्याच क्षणी त्याला कळलं, आणि ते कुठे गेलं हेही. जळालेल्या यंत्रात होतं ते, आणि मागच्या यंत्राला त्याने स्वतः सांगून ठेवलं होतं की तिकडे बघायचं कारण नाही. तो उठून दाराला कडी लावून आला. मग परत खुर्चीवर बसून त्याने काय केलं असेल? त्याने ती ओळ छापून घेतली, कारण बाईंनी कागद मागितला होता.

गुरुवारी बाईंच्या खोलीत सगळे जमले. डॉक्टर होते, वृषाली रडून रडून डोळे सुजवून बसली होती, सुनयना सिस्टर भिंतीला टेकून उभी होती. बाईंनी अमरदीपला वाचायला सांगितलं. त्याने वाचलं, शुक्रवार, साडेदहा ते बारा, बदल नाही. आवाज थोडा खाली गेला होता, पण शब्द सगळे स्पष्ट होते. डॉक्टरांनी विचारलं की यात चूक असू शकते का. त्या खोलीतल्या एकाही माणसाला त्याने चौदा महिने आपल्या लायकीचं मानलं नव्हतं, आणि आता ते सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते, तो सांगेल ते खरं मानायला. अमरदीप म्हणाला की यादीत जे आहे ते आहे. असलं घाणेरडं वाक्य त्याने आयुष्यात दुसरं उच्चारलं नसेल. ते खोटं नव्हतं, हीच त्यातली घाण.

कौशल्याबाईंनी सुनयना सिस्टरला महिना संपेपर्यंतची मुदत दिली आणि सांगितलं की पत्र परवा मिळेल. नोकरीबरोबर बाकीचंही जाणार होतं. अशा कारणाने काढलेल्या नर्सला आदिलाबादेत दुसरं कोण ठेवणार?

त्या संध्याकाळी अमरदीपने स्वतःची पुष्कळ समजूत घातली. दोष बाईंच्या पंचांगाचा. दोष वेल्डिंगवाल्याचा. दोष सिस्टरचा, तिने नेमकं त्याच वेळी काऊन लिहिलं. माणूस स्वतःशी बोलताना किती खालच्या थराला जातो ते त्याला कळत होतं, तरी तो बोलत राहिला. घरी गुरुजींनी विचारलं की चेहरा का असा, तर म्हणाला काम जास्त आहे.

शुक्रवारी सकाळी तो आला तेव्हा सुनयना सिस्टर त्याच्या खोलीच्या दाराशी उभी होती. त्याला वाटलं, आता ही भांडणार, किंवा पाया पडणार. दोन्हींची उत्तरं त्याच्याजवळ होती. ती आत आली आणि उभीच राहिली.

"सर, तुमचा वेळ घेते थोडा," ती म्हणाली. "मले वाटते मी लिवून मग सेव्ह दाबलंच नसीन. ते कुठी दाबायचं, एकदा दाखवून देता का?"

त्याने विचारलं की आता ते कशाला.

"मले सगळं आठवते, सर. तिचा हात, ते लाल पुरळ, मी लिवलं ते. पण यादीत नाई म्हंजे नसीनच लिवलं मी. यादी खोटी कायले बोलन? माह्यंच डोकं गेलं असीन." तिने पडद्याकडे पाहिलं. "बावीस सालं सुया देऊन राह्यली मी. अजून कोणाकोणाचं काय विसरली असीन, तेच मनात येते. झोप नाई येत मले."

अमरदीपने तिला सेव्ह कुठे असतं ते दाखवलं. माऊस दोनदा चुकला. तिने वाकून नीट पाहिलं, हो म्हटलं, आणि गेली. चौदा महिने ज्या बाईची त्याने नक्कल केली, ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सोडून त्याच्या यादीवर विश्वास ठेवून बसली होती. तिला हेच तर शिकवलं होतं त्याने. एवढ्या मोठ्या दवाखान्यात त्याचं शिकवणं मनापासून ऐकलेली ती एकटीच निघाली.

तो तसाच उठून कौशल्याबाईंच्या खोलीत गेला. डॉक्टरही तिथेच होते. आता त्याला चांगला माणूस म्हणायची घाई कोणी करू नये, कारण खोलीच्या दारापर्यंत जाता जाता त्याने मनात भाषण तयार केलं होतं, आणि ते भाषण बाईंवर होतं. त्याने तेच सुरू केलं. सांगितलं की सुनयना सिस्टरने लिहिलं होतं. ते मागच्या यंत्रावर गेलं नाही, कारण तेव्हा राहुकाळ होता आणि तुमच्या हुकमाने बॅकअप बंद होता. एकविसाव्या शतकात पंचांग बघून यंत्र चालवलं की माणसं मरायला टेकतात, मॅडम, असंही तो म्हणाला. डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. अमरदीपला वाटलं, लागलं वर्मी.

बाईंनी टेबलाच्या खणातून गुरुवारचा तो छापलेला कागद काढला, चष्मा लावला आणि ती ओळ पुन्हा वाचली. मग विचारलं, बंद होतं तर इथे बंद असं का नाही.

त्याने खंडाचं, चाळीस मिनिटांच्या तपासणीचं, रांगेचं सांगितलं. अहवालाचं सांगताना तो अडखळला. जीवनचं नाव त्याने घेतलं नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. अशा ओळी किती आहेत, हे त्यांनी विचारलं तेव्हा त्याला खरा आकडा सांगावा लागला, चारशे अकरा.

"मी राहुकालम मानते, म्हणून मशीन बंद ठेव म्हटलं," कौशल्याबाई म्हणाल्या. "चुकलं असन माह्यं. ते मी रामाजीले जाऊन सांगन. पण चालू होतं असं लिव, हे मी तुले कधी म्हटलं? बंद होतं एवढं जरी इथं लिवलेलं असतं, तर काल मी सुनयनाचंच खरं धरलं असतं. तू तर मानत नाईस ना हे काई. मग तू काऊन केलं?"

त्याला पहिल्यांदाच दिसलं की या खोलीत बाईंनी जे मानलं ते उघड मानलं, नि त्यापायी जे बंद केलं ते उघड बंद केलं. न मानता, हसत हसत, लपवून करणारा एकटा तो होता. ज्या मूर्खपणाला तो वर्षभर हिणवत होता त्याची सगळी झाकपाक त्याने स्वतःच्या अकलेने केली होती, आणि त्याच्याशिवाय तिथे ती कोणाला जमलीही नसती.

बाईंनी सुनयना सिस्टरचं पत्र फाडलं. अमरदीपला सांगितलं की चारशे अकरा ओळी खऱ्या करायच्या, त्या दीड तासांत अजून कोणाकोणाचं काय गेलं ते पेशंटना फोन करकरून शोधायचं, हैदराबादला तसं कळवायचं, आणि मग तुझं काय करायचं ते बघू. शेवटी त्यांनी सिस्टरला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, आता हे तिला तूच सांग.

त्याने सांगितलं. या वेळी भाषण नव्हतं, तीन-चार वाक्यांत झालं. सुनयना सिस्टर पदराला हात पुसत ऐकत होती. पहिल्यांदा तिने एवढंच विचारलं की म्हणजे मी लिहिलं होतं. तो हो म्हणाला. ती खुर्चीवर बसली. बाईंसमोर ती बावीस वर्षांत कधी बसली नव्हती.

मग तिने मान वर करून अमरदीपकडे पाहिलं. रागाने नाही. तिला खरंच काहीतरी समजून घ्यायचं होतं.

"म्हंजे काल तुमी ते वाचून दाखवलं, आन् आज सकाळी मले सेव्ह कुठी दाबायचं ते शिकवलं," ती म्हणाली, "तवा तुमाले मालूम होतं?"

अमरदीपने मान खाली घातली आणि हो म्हटलं.